रिकाम्या खुर्चीतलं भूत

जत्रेतल्या तंबूत ज्यांनी सिनेमे पाहिले आणि आज जे मोबाइलवर पाहतात, त्या दोघांचाही एक प्रश्न ठरलेला असतो. भुताचा सिनेमा इतक्या थोड्या पैशांत होतो कसा? लढाईचा सिनेमा काढायचा तर घोडे, फौज, किल्ले, तंबू असा सगळा जामानिमा लागतो. भुताच्या सिनेमाला एक पडका वाडा, चार-पाच नट आणि काळोख पुरतो. तरी पाहणारा घरी जाताना मागे वळून बघतोच.

जरा वाचणारे लोक याला जोडून आणखी एक प्रश्न विचारतात. या स्वस्त भयपटांत शेक्सपिअर कुठून येतो? कॉलेजात शिकवला जाणारा हा थोर नाटककार, आणि दोन आठवड्यांत उरकलेला सिनेमा. दोघांची गाठ पडलीच कशी?

माझ्या मते दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमधलं भूत मुळातच बिनखर्चाचं आहे. अनेकदा ज्याने पाप केलं त्याला ते दिसतं, शेजारी बसलेल्याला दिसत नाही. जे सगळ्यांना दिसत नाही ते दाखवायला पैसे कशाला लागतील? हे नीट उलगडायचं तर आधी भीतीकडे, मग रंगमंचाकडे आणि शेवटी कॅमेऱ्याकडे जावं लागेल.

१. दचका आणि धास्ती

डिंगोरे हे जुन्नर तालुक्यातलं गाव. माळशेज घाट ओलांडून कल्याण-नगर रस्त्याने ओतूरकडे निघालं की लागतं. या सगळ्या पट्ट्यात ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावं लागलं, इतका तो इथला रहिवासी झाला आहे. शेतीची वीज रात्रीची आली म्हणून पाणी द्यायला निघालेल्या इथल्या शेतकऱ्याला विचारा, भीती नेमकी कधी वाटते? बिबट्या समोरून रस्ता ओलांडून गेला तर माणूस दचकतो, ओरडतो, पळतो. तिथे विचाराला जागाच नसते. खरी भीती त्याच्या आधीची. वारा पडलेला आहे, तरी उसात सळसळ झाली. बॅटरीचा झोत टाकला तर पानं हलताहेत आणि त्यांच्यामागे काही दिसत नाही. आता पुढचं पाऊल टाकायचं की तिथेच उभं राहायचं? मन त्या काळोखात बिबट्या बसवतं, आणि तो खऱ्या बिबट्यापेक्षा मोठा असतो.

पहिल्या प्रकाराला दचका म्हणू आणि दुसऱ्याला धास्ती. दचका क्षणात येतो, क्षणात ओसरतो, आणि पडद्यावर आणायला महाग पडतो, कारण काहीतरी खरोखर दाखवावं लागतं. धास्ती तासभर टिकते आणि तिला फक्त हलणारी पानं लागतात. कमी पैशांत काम करणारा हुशार दिग्दर्शक हे पहिल्याच दिवशी शिकतो.

शेक्सपिअरने या धास्तीत एका गोष्टीची भर घातली. शेतकऱ्याला उसात काय आहे ते ठाऊक नसतं. शेक्सपिअरच्या मॅक्बेथला किंवा तिसऱ्या रिचर्डला काळोखात काय आहे ते पक्कं ठाऊक असतं, कारण ते तिथे त्यांनीच ठेवलेलं असतं. आपल्याच हाताने मारलेला माणूस. दुसऱ्याच्या धास्तीपेक्षा अपराध्याची धास्ती पाहणं अधिक अंगावर येतं. आपण त्याच्या बाजूचे नसतो, तरी त्याच्या डोळ्यांतून पाहायला लागतो.

२. भर दुपारचं भूत

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर १५९९ साली ग्लोब नाट्यगृह उभं राहिलं. मधला भाग उघडा, वर आभाळ. खेळ दुपारी व्हायचे. म्हणजे हॅम्लेटच्या बापाचं भूत लंडनकरांनी पाहिलं ते लख्ख उजेडात. दिवे मालवायची सोय नाही, धूर सोडायचं यंत्र नाही, पार्श्वसंगीताचा आजच्यासारखा मारा नाही. मग मध्यरात्र आणली कशी?

शब्दांनी आणि वागण्याने. ‘हॅम्लेट’ सुरू होतं तेव्हा किल्ल्याच्या तटावर पहारा बदलतो आहे. पहाऱ्यावर असलेल्या शिपायाने येणाऱ्याला हटकावं, ही रीत. इथे उलटं होतं. येणाराच पहारेकऱ्याला हटकतो. एवढ्या एका उलट्या गोष्टीतून प्रेक्षकाला कळतं की हे लोक घाबरलेले आहेत, इथे आधी काहीतरी घडलेलं आहे. थंडीचा उल्लेख येतो, बाराचे ठोके पडून गेल्याचं कोणीतरी सांगतं, आणि दुपारच्या उन्हात रात्र पडते.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला यात नवल वाटू नये. तमाशाची पंढरी म्हणतात ते नारायणगाव जुन्नर तालुक्यातच आहे. फडांच्या राहुट्या तिथे लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला तिथेच येतात, आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं नाव त्या गावाला कायमचं जोडलेलं आहे. वगातला राजा बोर्डावर एक फेरी मारतो आणि दुसऱ्या मुलखात पोचतो. मागे रंगवलेला डोंगर नसतो, नदी नसते. ‘आलो बरं का प्रधानजी’ म्हटलं की आलो. प्रेक्षक आपल्या मनाने वाट, रान, रात्र सगळं उभं करतो. शेक्सपिअरचा प्रेक्षक याच जातीचा होता.

आता त्याच्या भुतांची मांडणी पाहा. ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकात शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री रिचर्ड आणि त्याचा शत्रू रिचमंड यांचे तंबू एकाच रंगमंचावर दोन बाजूंना ठोकलेले असतात. दोघेही झोपलेले. रिचर्डने मारलेली माणसं एकामागून एक येतात. मोजली तर ११ भरतात, त्यांत दोन लहान राजपुत्र आणि रिचर्डची स्वतःची बायको. प्रत्येक जण एका तंबूकडे वळून शाप देतो आणि दुसऱ्या तंबूकडे वळून आशीर्वाद. खर्च काय? बहुतेक आधीच्या अंकांत मेलेलेच नट पुन्हा बाहेर आले, इतकाच.

‘मॅक्बेथ’मध्ये तर काटकसरीची कमाल आहे. मॅक्बेथने मारेकरी घालून बँकोला मारलं आहे. त्याच रात्री मेजवानी आहे. सगळे सरदार बसलेत, राजाला बसायला जागा शोधायची, तर त्याच्या खुर्चीत बँको बसलेला. राजा किंचाळतो. राणी पाहुण्यांना सांगते, यांना लहानपणापासून असे झटके येतात, तुम्ही जेवा. कारण तिला खुर्ची रिकामी दिसते. पाहुण्यांनाही रिकामी दिसते. दिग्दर्शकाने नट बसवला तरी चालतं, नाही बसवला तरी चालतं. मला स्वतःला दुसरी पद्धत अधिक भयंकर वाटते. भरल्या पंगतीत एक माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलतो आहे आणि बाकीचे हातातले घास धरून त्याच्याकडे बघताहेत. भुताखेतावर विश्वास असो वा नसो, हे दृश्य कोणालाही बोचतं.

३. आगरकरांचा तुरुंग, गणपतरावांचा चंद्रसेन

मराठी माणसाची या भुतांशी ओळख सिनेमाच्या कितीतरी आधीची आहे. गोपाळ गणेश आगरकर आणि टिळक १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. त्या दिवसांत आगरकरांनी ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचं काम केलं आणि १८८३ साली ते ‘विकारविलसित’ या नावाने आलं. बुद्धिवादाचा एवढा कडवा पुरस्कर्ता, अंधश्रद्धेवर कोरडे ओढणारा माणूस, आणि त्याने मराठीत आणलं ते भूत असलेलं नाटक! मला यात विसंगती दिसत नाही. आगरकरांनी नावातच ‘विकार’ घेतला आहे. भूत खरं की खोटं यापेक्षा ते माणसाचं मन कसं पोखरतं, ही त्यांची ओढ होती.

शाहूनगरवासी नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर गाजवलं. गणपतराव जोशी चंद्रसेन, म्हणजे आपला हॅम्लेट, व्हायचे, आणि स्त्रीभूमिकांत बाळाभाऊ जोग असायचे. गणपतराव १९२२ साली गेले, पण त्यांच्या चंद्रसेनाचं नाव पुढच्या पिढ्यांनी घेतलं. याच काळात शिवराम महादेव परांजपे यांनी ‘मॅक्बेथ’वरून ‘मानाजीराव’ लिहिलं. पुढे १९५४ साली वि. वा. शिरवाडकरांचं ‘मॅक्बेथ’वरचंच ‘राजमुकुट’ आलं आणि त्यात नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे उभे राहिले.

परक्या देशातली ही भुतं इथे इतकी सहज रुळली, याचं कारण आपल्या घरातच आहे. हॅम्लेटचा बाप झोपेत विष घालून मारला गेला आहे. त्याचं मोठं गाऱ्हाणं असं की मरताना धर्माप्रमाणे जे व्हायला हवं होतं ते झालं नाही, म्हणून आपण भटकतो आहोत. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की घरातल्या कर्त्या माणसाच्या पोटात गोळा येतो. मग कोणीतरी हात जोडून म्हणतो, ‘तुमची जी इच्छा राहिली ती आम्ही पुरी करू.’ घाटावर उभं राहून हे ज्याने ऐकलं आहे, त्याला हॅम्लेटची अडचण समजावून सांगावी लागत नाही. बापाची इच्छा राहिली आहे, ती मुलाने पुरी करायची आहे, आणि ती इच्छा म्हणजे चुलत्याचा खून.

४. कॅमेऱ्यापुढे तीन वाटा

रंगमंचावरून हे भूत पडद्यावर आलं. के. बी. आठवले यांनी १९२८ साली ‘खूने नाहक’ हा मूकपट केला, तो ‘हॅम्लेट’वर आधारलेला होता. बोलपट आल्यावर १९३५ साली सोहराब मोदींनी मुंबईत ‘खून का खून’ काढला. तोही ‘हॅम्लेट’च. मोदी स्वतः नायक, नसीम बानूचा हा पहिला चित्रपट, आणि हॅम्लेटच्या आईच्या भूमिकेत नसीमची खरी आई. पारशी रंगभूमीवरचं नाटकच जवळजवळ जसंच्या तसं चित्रित केलेलं होतं. त्यामुळे खर्च आटोक्यात राहिला.

पडद्यावर भूत दाखवायचं म्हणजे त्या काळात काय करत असत? सर्वांत जुनी युक्ती दुहेरी चित्रणाची. कॅमेऱ्यातल्या फिल्मवर उजेड पडला की चित्र उमटतं. एकच फिल्म दोनदा चालवता येते. पहिल्यांदा नुसती खोली चित्रित करायची. मग फिल्म मागे गुंडाळायची आणि पूर्ण काळ्या पडद्यापुढे उभ्या असलेल्या नटावर ती पुन्हा चालवायची. काळ्या भागातून उजेड येत नाही, म्हणून तिथली खोली तशीच राहते. नटाचा आकार मात्र खोलीवर हलकासा उमटतो आणि त्याच्या अंगातून मागची भिंत दिसते. दादासाहेब फाळके अशा करामतींत तरबेज होते. युक्ती स्वस्त असली तरी नाजूक आहे. कॅमेरा तसूभर हलला तर सगळं टाकून द्यायचं आणि पुन्हा सुरुवात.

आता बँकोच्या मेजवानीचा प्रसंग घेऊ आणि तो तीन तऱ्हांनी चित्रित करू. पहिली तऱ्हा, दुहेरी चित्रणाने पारदर्शक बँको खुर्चीत बसवायचा. वेळ लागेल, फिल्म लागेल, आणि आजचा प्रेक्षक युक्तीकडेच पाहत बसेल. दुसरी तऱ्हा, तोंडाला रक्त फासलेला खराखुरा नट बसवायचा आणि लगेच दुसऱ्या कोनातून तीच खुर्ची रिकामी दाखवायची. पहिला कोन राजाच्या डोळ्यांचा, दुसरा पाहुण्यांच्या. इथे खर्च फक्त नटाच्या एका दिवसाचा. तिसऱ्या तऱ्हेत बँको कुठेच नाही. राजाचा चेहरा, मग रिकामी खुर्ची, मग पुन्हा राजाचा चेहरा. खर्च शून्य, पण सगळा भार नटावर. त्याच्या डोळ्यांत बँको दिसला नाही तर प्रसंग कोसळला. म्हणून अशा चित्रपटाला पैसा कमी लागला तरी नट मात्र उत्तम लागतो.

५. १५ दिवसांत एक राजा

जगभरच्या उदाहरणांत या सगळ्याचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे १९६२ सालचा अमेरिकी चित्रपट ‘टॉवर ऑफ लंडन’. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन. कमी पैशांत, कमी दिवसांत चित्रपट काढण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता. ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चं बहुतेक चित्रण त्यांनी दोन दिवसांत आटोपलं होतं. ‘टॉवर ऑफ लंडन’ला त्यांनी १५ दिवस घेतले आणि खर्च दोन लाख डॉलरच्या आसपास ठेवला.

साधा हिशोब करू. चित्रपट ७९ मिनिटांचा. १५ दिवसांनी भागलं तर दिवसाला पाच मिनिटांहून थोडं अधिक काम पुरं व्हायला हवं. ऐसपैस चालणाऱ्या मोठ्या चित्रपटात दिवसाला दोन-तीन मिनिटं झाली तरी दिवस चांगला गेला म्हणतात. म्हणजे कॉर्मनला दुप्पट वेगाने जायचं होतं, तेही दरबारी कपडे, दगडी तट आणि एक अख्खी लढाई घेऊन. लढाईचं काय केलं? याच नावाचा, याच विषयावरचा एक चित्रपट १९३९ साली येऊन गेला होता. त्यातलीच लढाईची दृश्यं उचलून इथे जोडली. चित्रपट रंगीत होईल अशी कॉर्मनची समजूत होती. निर्मात्याने पैसे वाचवण्यासाठी तो कृष्णधवल करायला लावला. माझ्या मते या कंजुषीने चित्रपटाचं भलंच झालं. कृष्णधवल चित्रात सावलीला वजन येतं, आणि जुनी लढाई नव्या चित्रणात मिसळूनही जाते.

गोष्ट तिसऱ्या रिचर्डची, आणि रिचर्ड झालाय व्हिन्सेंट प्राइस. १९३९च्या चित्रपटात हाच प्राइस रिचर्डच्या हातून मरणारा भाऊ, क्लॅरेन्स, झाला होता. २३ वर्षांनी तो स्वतः भावाचा खुनी झाला. चित्रपट उघडतो तेव्हा राजा मरणशय्येवर आहे आणि तो लहान मुलांचा पालक म्हणून क्लॅरेन्सचं नाव घेतो. रिचर्ड क्लॅरेन्सला सुरा मारतो आणि दारूच्या पिंपात टाकून देतो. ही गोष्ट एकाच माणसाला ठाऊक आहे. त्याची बायको अ‍ॅन. तिला ती मान्यही आहे.

इथे जाणकार प्रेक्षक थबकतो. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’मधली अ‍ॅन अशी नाही. नवऱ्याने केलेल्या खुनाला पाठिंबा देणारी बायको ‘मॅक्बेथ’मधली. लेखकांनी एका नाटकाचा राजा घेतला आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या नाटकाची राणी बसवली. आणि पुढे तर ‘मॅक्बेथ’ उघडच दारातून आत येतो. क्लॅरेन्सचं भूत तटावर रिचर्डला गाठून सांगतं की तू बॉसवर्थच्या रणांगणावर मरशील, आणि मेलेल्या माणसाच्या हातून मरशील. मॅक्बेथला चेटकिणी सांगतात, बाईच्या पोटी जन्मलेला कोणी तुला मारणार नाही. दोन्हीकडे भविष्य असं आहे की ऐकणाऱ्याने निर्धास्त व्हावं. मेलेला माणूस मारणार कसा?

या चित्रपटातली भुतं फारशी काही करत नाहीत. ती येतात, दिसतात, बोलतात. करतो ते सगळं रिचर्ड करतो. राजपुत्र औरस नाहीत अशी कंडी पिकवायला एक तरुण बाई नकार देते म्हणून तो तिला छळून मारतो. मग ती त्याला दिसू लागते. एके रात्री तो तिचा गळा दाबायला धावतो, पूर्ण ताकदीने दाबतो, आणि हात सोडतो तेव्हा खाली त्याची बायको मरून पडलेली असते. साऱ्या चित्रपटात मला हाच प्रसंग सर्वांत थोर वाटतो. एक नट, एक नटी, एक खोली. करामत म्हणावी तर दोन चेहऱ्यांची अदलाबदल, एवढीच. पण त्यातून कळतं की पहिल्या खुनाची धास्तीच दुसरा खून करवते. शेक्सपिअरने पाच अंकांत जे सांगितलं ते इथे मिनिटभरात हाताशी येतं.

शेवटी बॉसवर्थ. घोड्यावरून फेकला गेलेला रिचर्ड एका कुऱ्हाडीवर पडतो. कुऱ्हाड रणांगणात मरून पडलेल्या शिपायाच्या हातात असते. भविष्य खरं झालं. खरी बॉसवर्थची लढाई २२ ऑगस्ट १४८५ रोजी झाली आणि रिचर्ड तीत मारला गेला. २०१२ साली त्याचा सांगाडा लेस्टर शहरात गाड्या उभ्या करायच्या जागेखाली सापडला. पाठीचा कणा वाकलेला होता, पण नाटकात दाखवतात तसा तो कुरूप राक्षस होता असं त्या हाडांवरून म्हणता येत नाही. शेक्सपिअरच्या काळी सत्तेवर असलेलं घराणं रिचर्डच्या शत्रूचं होतं, हे ध्यानात ठेवूनच नाटक पाहावं.

या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आणखी एक नाव आहे. नटांचे संवाद पाहणारा एक तरुण, फ्रान्सिस फोर्ड कपोला. दहा वर्षांनी त्याने ‘द गॉडफादर’ काढला. कमी पैशांचे चित्रपट तरुणांना शिकायला जागा देतात, हेही त्यांचं एक काम असतं. आणि व्हिन्सेंट प्राइस १९७३ साली ‘थिएटर ऑफ ब्लड’मध्ये पुन्हा शेक्सपिअरकडे गेला. त्यात तो एक नट असतो आणि आपली निंदा करणाऱ्या समीक्षकांना शेक्सपिअरच्या नाटकांतल्या मरणांनी मारतो.

६. महाबळेश्वरचं सरकारी विश्रामगृह

आपल्याकडे याच वाटेने गेले ते रामसे बंधू. फतेहचंद रामसे फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आले, लॅमिंग्टन रोडला दुकान चालवलं, चित्रपट काढले. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण मुलांनी थिएटरात बसून पाहिलं की एका दृश्यावर लोक जिवंत होतात. भयंकर मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरीला येतात, ते दृश्य. मग मुलांनी बापाला गळ घातली की असाच अख्खा चित्रपट काढू.

‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ साली आला. महाबळेश्वरला सरकारी विश्रामगृहात मुक्काम, घरच्यांसह सगळे तिथेच, स्वयंपाक घरच्या बायकांकडे, खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. सात भावांनी कामं वाटून घेतली. तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीवर, कुमार लेखनात, अर्जुन संकलनात, केशूही सोबत. त्यांची शाळा म्हणजे जोसेफ मॅसेली यांचं चित्रणकलेवरचं एक पुस्तक आणि काश्मीरला हाउसबोटीवर बापाने घेतलेला अभ्यास.

गोष्ट काय? पैशासाठी एका श्रीमंत माणसाला त्याच्या जवळचेच लोक मारतात आणि पुरतात. पुरलेला परत येतो. रामसेंनी शेक्सपिअर समोर ठेवून हे लिहिलं असं मी म्हणत नाही. पण सांगाडा तोच आहे. ज्याला मारलं तो परत येतो, आणि तो भितो ज्याने मारलं. १९८४च्या ‘पुराना मंदिर’मध्ये शाप आणि भविष्य आलं आणि तो चांगलाच चालला. मात्र तिथे सामरी नावाचा राक्षस अजय अगरवाल यांच्या उंच देहात समोर उभा राहतो. सगळ्यांना दिसतो. माझ्या लेखी रामसे इथे धास्तीकडून दचक्याकडे वळले. लोकांना ते आवडलं यात शंका नाही, तरी ‘दो गज’मधली उकरलेली माती मला सामरीपेक्षा जास्त घाबरवते.

हे चित्रपट मोठ्या शहरांतल्या चकचकीत थिएटरांपेक्षा लहान गावांत आणि जत्रेतल्या तंबूंत अधिक जगले. ट्रकवर प्रोजेक्टर, मागे फिल्मचे डबे, मैदानात कापडी तंबू, बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या. या फिरत्या तंबूंवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. तो महाराष्ट्रातल्याच तंबूवाल्यांचा आहे.

७. डबे

पण या जुन्या सिनेमांचे डबे आज उरलेत किती? ‘खून का खून’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भारतात १,३०० च्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले अगदी मोजके उरले. कारणं साधी आहेत. जुनी नायट्रेटची फिल्म सहज पेट घेते. नंतरची अ‍ॅसिटेटची फिल्म दमट हवेत सडते आणि तिला शिरक्याचा वास येतो. आणि फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून कित्येक डबे भंगारवाल्याने वजनावर नेले आणि चांदी काढून घेतली. नामवंत चित्रपट कोणीतरी सांभाळले. स्वस्त भयपट, तंबूत फिरून झिजलेल्या प्रती, या आधी गेल्या.

पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ते १९६४ साली सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी आयुष्य घालून ते उभं केलं. आता ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. डिंगोरे, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या भागात ज्यांच्या आजोबांनी तंबू चालवले, प्रोजेक्टर फिरवले, जाहिराती चिकटवल्या, त्यांच्या पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर फिल्मचे डबे, पोस्टर, तिकिटांची पुस्तकं असतील तर ती भंगारात देऊ नका. डबा उन्हात उघडू नका, आगीजवळ नेऊ नका, फिल्म ओढून पाहू नका. डब्यावर जे नाव लिहिलेलं दिसतं ते कागदावर उतरवून घ्या आणि संग्रहालयाला कळवा. त्यांच्याकडे ती तपासायची आणि सांभाळायची सोय आहे.